डोकी मोजताना

आजचं बोलणं मुरलीपुऱ्याहून, म्हणजे आमच्या जयपूरच्या वायव्येकडच्या कोपऱ्यातून. मधूनमधून सीकर रोडच्या ट्रकांचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

विषय आहे जगाची लोकसंख्या आणि माणसाच्या प्रगतीचा वेग. या विषयावर बहुतेक लोकांचं मत आधीच ठरलेलं असतं. आमच्या पिढीचं तर नक्कीच. लाल त्रिकोण आणि "हम दो हमारे दो" बघत आम्ही वाढलो. त्यामुळे लोकसंख्या म्हटलं की पुढचा शब्द "स्फोट". मी आज त्या ठरलेल्या मताला जरा बाजूला बसवणार आहे. पटलं नाही तर खुशाल भांडा.

आधी आकडे. माणूस पृथ्वीवर आल्यापासून शंभर कोटींचा आकडा गाठायला त्याला साधारण १८०४ साल उजाडलं. दोनशे कोटी झाले १९२७ च्या सुमारास, म्हणजे १२३ वर्षांनी. तीनशे कोटी १९६० मध्ये, चारशे १९७४ मध्ये, पाचशे १९८७ मध्ये, सहाशे १९९९ मध्ये, सातशे २०११ मध्ये. आणि १५ नोव्हेंबर २०२२ हा आठशे कोटींचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केला. मी जन्मलो तेव्हा जग तीनशे कोटींच्या घरात होतं. एका माणसाच्या आयुष्यात जग अडीच पटींहून जास्त झालं, असं इतिहासात क्वचितच कुणाच्या वाट्याला आलं असेल.

आता याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. राइट बंधूंचं विमान उडालं डिसेंबर १९०३ मध्ये, आणि माणूस चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये. पहिल्या उड्डाणापासून चंद्रापर्यंत सहासष्ट वर्षं! लोकसंख्येची रेघ आणि शोधांची रेघ एकाच कागदावर काढली तर दोन्ही बराच काळ जमिनीला चिकटून सरपटतात आणि मग एकदम उभ्या चढतात. प्रश्न असा, की यातला बैल कोणता आणि गाडी कोणती?

पहिलं गाजलेलं उत्तर दिलं इंग्लंडच्या माल्थसनं, १७९८ मध्ये. त्याचं म्हणणं, माणसं गुणाकारानं वाढतात, अन्न बेरजेनं वाढतं, त्यामुळे दुष्काळ आणि रोगराई हिशेब चुकता करतात. हा माल्थस पुढे हेलीबरीच्या कॉलेजात प्राध्यापक होता, आणि त्या कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीचे भावी मुलकी अधिकारी शिकत. म्हणजे इंग्लंडातला एक सिद्धांत बोटीत बसून थेट आपल्याकडे आला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात, ज्यात दख्खन होरपळली, सरकारी विचारांवर त्याची सावली स्पष्ट दिसते. रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी कमी केली, इतकी की पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे मिळत. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मी फौजेत पंचवीस-तीस वर्षं काढली आहेत. माणसाकडून दिवसभर अंगमेहनतीचं काम घ्यायचं असेल तर त्याच्या पोटात काय जावं लागतं, हे कोणताही क्वार्टरमास्टर झोपेत सांगेल. साडेचारशे ग्रॅम धान्यावर खडी फोडायला लावणं म्हणजे माणूस हळूहळू मारणं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं याविरुद्ध सरकारकडे लेखी गाऱ्हाणी नेली. लाखो माणसं गेली. आणि धान्य देशात नव्हतं असं नाही, रेल्वेनं ते बंदरांकडे जात होतं.

म्हणून मी म्हणतो, "माणसं जास्त झाली आहेत" हे वाक्य साधं नाही. ते बोलणारा माणूस कोणत्या खुर्चीत बसलाय त्यावर फार अवलंबून असतं.

माल्थसच्या उलट टोकाचं उत्तर बरंच नंतर आलं. १९८० मध्ये अमेरिकेत दोन प्राध्यापकांनी चक्क पैज लावली. पॉल एर्लिख, ज्यांचं लोकसंख्येच्या बाँबवरचं पुस्तक १९६८ मध्ये गाजलं होतं, ते एका बाजूला; अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन दुसऱ्या बाजूला. तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन हे पाच धातू दहा वर्षांत महाग होतील असं एर्लिख म्हणाले. त्या दहा वर्षांत जगात ऐंशी कोटींहून जास्त माणसं वाढली, आणि महागाई वजा करता त्या धातूंची एकत्र किंमत उतरली. एर्लिखनी चेक पाठवून दिला. मात्र पैज जिंकली म्हणून सिद्धांत सिद्ध झाला असं मी मानत नाही. दुसरं दशक निवडलं असतं तर निकाल वेगळाही लागू शकला असता. पैजेवर युद्धशास्त्र शिकू नये.

मला जास्त विचार करायला लावलं ते मायकेल क्रेमर यांच्या १९९३ च्या निबंधानं. हेच क्रेमर पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत सांगतो. भाकरी चौघांत वाटली की प्रत्येकाला चतकोर येते. पण भाकरी थापायची कशी हे एकीनं शोधून काढलं आणि चौघींना शिकवलं, तर तिचं ज्ञान चतकोर होत नाही. चौघींकडे अख्खं जातं. म्हणजे वस्तू वाटल्यानं घटते, कल्पना घटत नाही. आता हजार माणसांत एखादा नवं काही शोधणारा निघत असेल, तर लाखात असे शंभर निघतील, आणि त्या शंभरांचे शोध लाखभरांना फुकट मिळतील. जास्त डोकी, जास्त कल्पना, त्यातून जास्त अन्न, त्यातून आणखी डोकी. बैल आणि गाडी एकमेकांना ओढतात.

याला पुरावा म्हणून ते मोठा नामी नमुना घेतात. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुग संपून समुद्राची पातळी वाढली आणि जमिनीचे भूभाग एकमेकांपासून तुटले. आशिया, युरोप आणि आफ्रिका मिळून सर्वांत मोठा तुकडा, मग अमेरिका, मग ऑस्ट्रेलिया, मग टास्मानिया. त्याहून छोटं एक फ्लिंडर्स बेट. हजारो वर्षांनी दर्यावर्दी पोचले तेव्हा तंत्राची पायरी जवळजवळ याच क्रमानं उतरत होती. टास्मानियात चार-पाच हजार माणसंच उरली होती. त्यांच्याकडे ऑस्ट्रेलियातलं बुमरँगही नव्हतं. फ्लिंडर्सवर तर माणूसच शिल्लक राहिला नव्हता. माणसं तीच, मेंदू तोच. संख्या थोडी आणि बाहेरच्याशी बोलणं बंद, एवढाच फरक.

इथे माझ्यातला सिग्नल्सवाला जागा होतो. कारण क्रेमर यांची गोष्ट नुसती संख्येची असती, तर वाफेचं इंजिन चीनमध्ये निघायला हवं होतं. १८०० च्या सुमारास चीन तीस कोटींचा, ब्रिटन जेमतेम एक कोटीचा. आणि औद्योगिक क्रांती झाली ब्रिटनमध्ये. तेव्हा नुसती डोकी मोजून भागत नाही. ती एकमेकांशी जोडलेली आहेत का, एकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत जातो का, हे बघावं लागतं. वायरलेस बंद पडलेली डिव्हिजन ही कागदावर डिव्हिजन असते, मैदानात ती शे-दोनशे एकटे गट असतात.

याचं उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही. आमच्या घरापासून काही किलोमीटरवर जंतरमंतर आहे. सवाई जयसिंगानं १७२७ मध्ये जयपूर वसवलं, विद्याधर भट्टाचार्यांच्या मदतीनं. आमच्या शेजारचं विद्याधर नगर त्यांच्याच नावाचं. जयसिंगाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते, मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. राजानं त्यांना अरबी आणि फारसी शिकायला लावलं. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली, ग्रंथाचं नाव "रेखागणित". टॉलेमीचं ज्योतिषही आणलं. जयसिंगानं पाच शहरांत वेधशाळा बांधल्या, पाद्री फिगेरेदोबरोबर आपली माणसं पोर्तुगालपर्यंत पाठवली, तिथून युरोपातली कोष्टकं आणवली आणि आपल्या वेधांशी ताडून त्यातल्या चुका काढल्या. ग्रीक, अरब, समरकंद, लिस्बन आणि आपला मराठी पंडित, सगळे एका अंगणात. मला तर हे वाचताना अंगावर काटा येतो.

मग पुढे काय झालं? राजा १७४३ मध्ये गेला आणि काम थंडावलं. कारण ते ज्ञान हस्तलिखितात होतं, मोजक्या घरांत होतं. न्यूटनचा ग्रंथ १६८७ मध्ये छापून निघाला होता, त्याच्यावर वाद घालणारे पॅरिसपासून बर्लिनपर्यंत शेकड्यांनी होते. आपल्याकडे छापखाना गोव्यात १५५६ मध्येच आला होता, पण त्याचा वारा जयपूरला लागला नाही. "रेखागणित" छापून आलं ते १९०१-०२ मध्ये, मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ गेला. तोवर भूमिती इंग्रजी शाळेतून येऊन बसली होती.

केरळातली गोष्ट तर याहून चटका लावणारी. चौदाव्या शतकात माधव नावाच्या गणितज्ञानं अनंत श्रेढींचं गणित मांडलं, जे युरोपात ग्रेगरी आणि लायब्निझ यांच्याकडून १६७० च्या दशकात आलं. माधवाचं गणित गुरुशिष्यांच्या काही पिढ्यांत, ताडपत्रांवर, जपलं गेलं. बाहेरच्या जगाला त्याची खबर दिली चार्ल्स व्हिश नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्यानं, १८३० च्या दशकात. आणि तेव्हाही फारसं कुणी लक्ष दिलं नाही. त्या काळी हिंदुस्थानची लोकसंख्या काही लहान नव्हती. पण या गणितात किती डोकी सामील होती? बायका नाहीत. शेतकरी नाही, कुणबी नाही, महार-मांग नाही. कोट्यवधींच्या देशात ज्ञानाच्या बाबतीत आपण टास्मानिया करून घेतला होता. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतिरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तिला समाजसुधारणा म्हणतात, ते बरोबरच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: देशाची कामाला लागलेली डोकी वाढवायची ती सुरुवात होती.

आता दुसऱ्या अंगानं येऊ. आपल्याकडे लोकसंख्या वाढली ती जास्त मुलं व्हायला लागली म्हणून, असा समज आहे. मुलं आधीही तितकीच होत होती, जगत नव्हती. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, २५.२ कोटींवरून २५.१ कोटींवर. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्याआधी प्लेग होता. हाफकिननी मुंबईत प्लेगची लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, आज सत्तरच्या आसपास आहे. म्हणजे लोकसंख्येचा हा "स्फोट" मुळात मृत्यू मागे हटल्याची खूण आहे. ज्याला तो नको असेल त्यानं आपल्या आजोबांच्या किती भावंडांची नावं घरात कुणाला आठवतात ते विचारून यावं.

मुलं जगायला लागली की आईबाप आपणहून कमी मुलं होऊ देतात, फक्त त्याला एक पिढी जाते. मधल्या त्या पिढीत संख्या फुगते. नगर जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावातल्याच बायका, बऱ्याच निरक्षर, काही दलित, त्यांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. तिथे बालमृत्यू हजारी पावणेदोनशेच्या आसपास होते, ते पुढच्या काही दशकांत तिसाच्या आत आले, आणि जन्मदर त्यांच्या मागोमाग उतरला. पोलीस लागले नाहीत.

पोलीस लागले १९७६ मध्ये. आणीबाणीत त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात आलं नाही. हे आज कितीजणांना ठाऊक आहे? आणि हा तोच प्रांत, जिथे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये, लंडनमध्ये मेरी स्टोप्सनी केंद्र काढलं त्याच वर्षी, मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. गणिताचा प्राध्यापक माणूस. नोकरी गेली, खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठरावही आणला, तो हाणून पाडला गेला. कर्वे आणि आंबेडकर बाईला निवड द्या म्हणत होते, तेव्हा आपण त्यांना हसलो. चाळीस वर्षांनी निवड काढून घेणारं विधेयक आपण मंजूर केलं.

निकाल काय लागला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी मुलं महाराष्ट्रात १.७, राजस्थानात २.०. पिढी जागच्या जागी राहायला २.१ लागतात. होय, राजस्थानसुद्धा खाली आलं. पुण्यातले माझे मित्र अजूनही फोनवर "तुमच्याकडे उत्तरेत काय, पोरंच पोरं" म्हणतात, त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आता कुणी म्हणेल, डोकी वाढली की कल्पना वाढतात हे ठीक, पाणी कुठे वाढतं? बरोबर आहे. जयपूर १९५१ मध्ये तीन लाखांच्या आसपास होतं, २०११ मध्ये तीस लाखांवर गेलं. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकास्पर्धा ज्या रामगढच्या तलावात झाल्या, तो पुढे कोरडा पडला. आज आमच्या नळाचं पाणी टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणातून येतं, शंभर किलोमीटरवरून. कल्पना वाटल्यानं घटत नाही, पाणी घटतं. माल्थसला मी पूर्ण निकालात काढत नाही तो एवढ्यासाठी. मात्र रामगढ नुसतं डोक्यांच्या संख्येनं आटलं नाही. पाणी येण्याच्या वाटांवर बांध आणि अतिक्रमणं झाली, हे इथल्या उच्च न्यायालयातही गाजलेलं आहे.

माझी खरी चिंता वेगळ्या आकड्याची आहे. सीकर रोडनं उत्तरेला गेलं की शेखावाटी लागते. झुंझुनू हा सैनिकांचा जिल्हा, घराघरात फौजी. शिक्षणातही राजस्थानात पुढे, पिलानीसारखं गाव त्यात. २०११ च्या जनगणनेत याच झुंझुनूत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ८३७, राजस्थानात सर्वांत कमी. इकडे बोटं दाखवायच्या आधी आपल्या बीडचा आकडा ऐका: ८०७. निसर्ग साधारण साडेनऊशे देतो. म्हणजे दर हजार मुलग्यांमागे झुंझुनूत शंभराहून जास्त आणि बीडमध्ये जवळजवळ दीडशे मुली हिशेबातून गायब. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ मध्ये. आणि सोनोग्राफीचं यंत्र हे तर निखळ प्रगतीचं फळ. शिकलेला जिल्हा, पगारदार घरं, नवं यंत्र, लहान कुटुंब. प्रगतीच्या यादीतलं सगळं हजर, आणि त्याच यादीच्या जोरावर डोकी कमी केली, तीही निवडून. ज्या जवानांच्या बहाद्दुरीचे अहवाल आम्ही अभिमानानं लिहीत होतो, त्यांच्याच गावांचे हे आकडे आहेत, हे मला निवृत्तीनंतर जास्त टोचतं. नंतरच्या वर्षांत झुंझुनूनं मनावर घेतलं आणि सुधारणा केली, हेही सांगायला हवं.

आता जगाचं बघा. १९६० च्या दशकात लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वेगानं वाढत होती, आता वेग एक टक्क्याच्या खाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार १०३० कोटींच्या आसपास, २०८० च्या दशकात, शिखर येईल आणि मग उतार. चीनची संख्या २०२२ पासून घटते आहे. दक्षिण कोरियात एका स्त्रीमागे मुलं २०२३ मध्ये ०.७२. स्फोटाची भीती घालणारे आता म्हातारपणाची भीती घालतात. त्यात तथ्य आहे, कारण शोध दिवसेंदिवस महाग होत चाललेत. संगणकाच्या चिपवरची दाटी दुप्पट करत राहायला आज १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मानानं अठरापट संशोधक लागतात, असं अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडलं. डोकी वाढायची थांबली आणि प्रत्येक शोधाला जास्त डोकी लागू लागली, तर वेग कुठून आणणार? कुणी म्हणतं यंत्राच्या बुद्धीतून. असेल. आपल्या देशाकडे मात्र त्याआधी वापरायचा एक साठा पडून आहे: शाळेतून मधेच काढलेल्या मुली, शिकून घरात बसवलेल्या बायका, परीक्षेच्या रांगेत तिशी गाठणारी पोरं. ही डोकी आज जन्माला घालायची नाहीत, ती आलेलीच आहेत.

२०२१ ची जनगणना राहिली ती राहिलीच. नव्या गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. आकडे बाहेर येतील तेव्हा एकूण बेरजेवर टीव्हीवाले भांडतील. मी आधी झुंझुनू आणि बीडच्या ओळीतला तो एक रकाना उघडणार आहे.

पुढच्या वेळी रामगढच्या तलावावर सविस्तर बोलू. जय हिंद.